पाण्याचा दिवस सोडून

नागमणी वल्लाल पहिल्यांदा आली
तेव्हा बोटांना तंबाखूचा वास,
पिशवीत विडी कार्ड, रेशन कार्ड
आणि लग्नाचा एक फोटो,
नवऱ्याची बाजू मागे दुमडलेली.
“फाडला नाही ओ मॅडम. कोर्टाला लागंल म्हणून.”

वकीलपत्रावर तिनं नाव तेलुगूत लिहिलं,
खोडलं, मराठीत लिहिलं,
मग विचारलं, कुठलं चालतंय?
म्हटलं, दोन्ही चालतात.
खोडलेलं तेवढं चालत नाही.
नवा कागद घेतला.

अर्जदार ती. जाबदेणार अंबादास,
टॉवेलच्या कारखान्यात, रात्रपाळी.
मारझोड नाही. बाहेर कोणी नाही.
दारू गड्ड्याच्या जत्रेत, तीही मित्रांच्या पैशाची.
मग?
“बोलत नाही. चार वर्षं झाली.
मागाच्या आवाजात राहून त्याला वाटतंय
बोललं तरी कुणाला ऐकू येणार नाही.”
हे कुठल्या कलमात बसवायचं,
मी रात्री पुस्तक घेऊन बसले.
शेवटी टाईप केलं : मानसिक क्रूरता.
तिनं बोट ठेवून वाचलं.
“क्रूर नाही की तो. दुसरा शब्द नाही का?”
नव्हता.

आणि मुलीचा ताबा.
आदल्याच दिवशी हा शब्द मी
जुळे सोलापुरातल्या एका प्लॉटसाठी वापरला होता
चतुःसीमेसकट. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाला.
भार्गवीच्या पूर्वेस काय लिहू?
वय आठ. पुढचे दोन दात पडलेले,
त्यातला एक अर्धा उगवलेला.

साहेबांनी तिला चेंबरमध्ये बोलावलं,
बिस्किटाचा पुडा पुढे सरकवला,
कोणाकडे राहायचं, बाळ?
ती म्हणाली,
“पाणी कधी येणार, त्यावर आहे.”
साहेब कोकणातून बदलून आलेले,
चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

सांगितलं त्यांना.
इथे नळ पाच दिवसांनी येतो, पहाटे साडेतीनला,
विडी घरकुलात तर धार करंगळीएवढी.
आई मोटर सांभाळते, पोरगी पाइप धरते,
वरच्या टाकीवर चढायचं काम बापाचं होतं.
तो गेल्यापासून
पोरगीच चढते.

हे अंबादासला माहीत नव्हतं.
समुपदेशनाच्या खोलीत, पंखा बंद, एप्रिल,
तो मान खाली घालून
टेबलाच्या सनमायक्याचा निघालेला कोपरा दाबत होता.
दाबला की बसायचा, सोडला की उठायचा.
बराच वेळाने म्हणाला,
“शिडीची तिसरी पायरी हलते.”
नागमणीनं पहिल्यांदा वर पाहिलं.

संसार काही सांधला नाही.
तसं कोणाला वाटू नये म्हणून लिहिते.
अर्ज परस्परसंमतीचा करून घेतला,
ती दोन शब्दांची ओळ गेली, तिला बरं वाटलं.
पोटगीवरून तीन तारखा भांडले,
मणी-मंगळसूत्रावरून एक.
ताबा आईकडे.
भेट, पहिला आणि तिसरा शनिवार,
पाण्याचा दिवस सोडून.
बिराजदार वकील हसले, असं कुठे लिहितात का मॅडम,
मग स्वतःच पुढे जोडलं त्यांनी :
पाण्याच्या दिवशी जाबदेणार येईल,
टाकी भरेल, घरात न थांबता जाईल.
साहेबांनी दोनदा वाचलं. सही केली.

काल ती परत आली, घामाघूम,
हातात आदेशाची नक्कल, प्लास्टिकच्या पिशवीत.
“पाच दिवसांचे सहा केले ओ महापालिकेनं.
हे बदलून घ्यावं लागंल का?”
म्हटलं, नको. त्यात तारीख नाही, पाण्याचा दिवस म्हटलंय.
“बरं. पण त्याला कोण सांगणार?”
तू सांग की.
ती पदराचं टोक पिळत उभी.
चार वर्षं तो बोलला नव्हता,
आता हिची पाळी असावी.

मीच फोन लावला.
आधी माग ऐकू आला, खटखट खटखट,
मग माग थांबला.
मी म्हटलं, सोमवारी नाही, मंगळवारी.
तो म्हणाला, “हं.”
आणि थोडं थांबून,
“पायरीला खिळा मारलाय म्हणून सांगा.”